पेटीतली तसबीर

मथुराबाईनं बांगड्याचा काटा तोंडातून काढला, ताटाच्या काठाशी ठेवला अन् घरमालकिणीकडं पाहून हसली.

"आमच्या पैनगंगेची मासोळी याच्यापुढं लेकरूच म्हना, सत्यभामाबाई."

"घे गो अजून," म्हणत सत्यभामाबाईनं आणखी एक तुकडा तिच्या हातावरच ठेवला.

महागावाकडून तीन दिवस आगगाडी-मोटारीत आदळत-आपटत ती या समुद्रकाठच्या गावात लेकाकडं आली होती. लेक बंदरावर कारकून. घरमालक खरादीवर लाकडी खेळणी काढायचा, लाखेनं रंगवायचा. दोन दिवसांत तिनं खेळणी पाहिली, समुद्र पाहिला, देवळांचे कळस लांबूनच पाहिले. सारं बेस होतं. एकच गोष्ट सलत होती. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा लेकानं आपणहून 'मारोती' टाकून 'धर्मपाल' नाव घेतलं होतं. अन् इथं लहानथोर त्याला मारोतीच म्हणत होते. खोलीची भिंतही कोरी. तिनं दिलेली बुद्धाची तसबीर सकाळी तिला पेटीच्या तळाशी, सदऱ्यांखाली सापडली.

"काहून रे?" तिनं विचारलं होतं.

"तीन घरांनी जात विचारून वापस धाडलं, माय. हे चौथं गेलं तं पाचवं भेटत नाही."

तिनं तसबीर पदरानं पुसली अन् होती तिथं ठेवली.

जेवणं उरकली. सत्यभामाबाई नारळ अन् खण घेऊन दारात आली.

"चल गो मथुराबाय, देवीची ओटी भरून येऊ."

"मायचे गुडघे दुखतात," लेक घाईनं म्हणाला.

मथुराबाईनं त्याच्याकडं पाहिलं. बंदरावर दिवसभर हमालांना हुकूम सोडणारा गडी, कपाळाला घाम आला होता.

"गुडघे चांगले हायेत माहे," ती म्हणाली. "आमी बौद्ध झालो, बाई. देवाले जात नाही. मले एक खिळा भेटला तं पाह्यजे होता. तसबीर लटकवाची हाय."

पडवीतली खराद थांबली. सत्यभामाबाई आत गेली. बराच वेळ गेला.

आली तेव्हा खिळा हातात होता. मथुराबाईनं हात पुढं केला. सत्यभामाबाईनं वाकून खिळा उंबऱ्यावर ठेवला अन् दोन पावलं मागं सरली.

मथुराबाई वाकायच्या आधी लेक वाकला. खिळा उचलून त्यानं अंगणातला एक दगड घेतला.

"कुठं ठोकू, माय?"

"दारासमोरच ठोक, धर्मपाल. मंग कोनाले विचाराचं काम नाही."