बंद घरांचं पाणी

कतारमधल्या दोह्यात शुक्रवारी दुपारी जुम्म्याची नमाज आटोपली, बिर्याणी पोटात गेली, की रत्नागिरी जिल्ह्यातल्या शिरखोल ग्रामपंचायतीचा कारभार सुरू होतो. हसू नका, खरं सांगतोय. पंचायतीची इमारत शिरखोलातच आहे. तिच्यावर पाटी आहे, आत सरपंचांची खुर्ची आहे, दर महिन्याला सभा भरते, चहा होतो, सह्या होतात. पण दिव्याचा खांब कोणाच्या दारात उभा राहणार, गटार कोणाच्या कुंपणाला वळसा घालून जाणार आणि नळाचं पाणी आधी कोणाला मिळणार, हे सगळं ठरतं ते दोह्याच्या नज्मा वस्तीतल्या युसुफच्या फ्लॅटमध्ये, एसीखाली, सुलेमानी चहा पीत.

या बैठकीचं नाव 'शिरखोल कतार मंडळ'. मंडळ सुरू झालं तेव्हा हेतू चांगला होता. कोणाची नोकरी गेली तर तिकीट काढून द्यावं, गावातल्या हुशार पोरीची फी भरावी, शाळेला पंखे द्यावेत. पण पैसे पाठवणाऱ्या हाताला हुकूम पाठवायची सवय लागायला वेळ लागत नाही. उंटावरून शेळ्या हाकणं आपण नुसतं ऐकलेलं असतं. ही मंडळी उंटांच्या मुलखात बसून ते दर शुक्रवारी करत होती!

त्या शुक्रवारी मात्र गावाचा विषय निघायच्या आधीच सगळे तापलेले होते. युसुफच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टपाशी नोटीस लागली होती. शाळेची बस यापुढे आवारात येणार नाही, मुलांनी बाहेर मोठ्या रस्त्यावर चढायचं आणि तिथंच उतरायचं. मे महिना सुरू झालेला. दुपारी बस मुलांना सोडते तेव्हा रस्त्यावर सावलीचा एक तुकडा नसतो.

"पहिल्याच दिवशी आमची इकरा लालबुंद होऊन घरी आली," युसुफची बायको कनीज चहाचा ट्रे ठेवत म्हणाली. "आल्या आल्या उलटी केली पोरीनं."

"नोटीस काढणारे बसलेत कुठे? तिकडे श्रीमंतांच्या बेटावर, पर्लमध्ये!" मुदस्सिर गरजला. मुदस्सिरचा अल रुवैस बंदरात मासळीचा धंदा होता आणि आवाजही समुद्रावर कमावलेला होता. "समोर बोटी बघत एसीत बसायचं नि आमच्या पोरांनी कुठं उभं राहायचं ते ठरवायचं! एकदा तरी येऊन बघितलं का त्यांनी इथलं ऊन?"

"मी मॅनेजमेंटला मेल टाकतो," संजीव म्हणाला. संजीव गॅस कंपनीत इंजिनियर, मूळचा शिरखोलचाच. मंडळाची सगळी लिखापढी त्याच्याकडे. "जे इथं राहतात त्यांना विचारल्याशिवाय असा निर्णय घेताच येत नाही. हे बेसिक आहे."

सोफ्याच्या हातावर बसलेली इकराही फणकारली, "दे डिडन्ट इव्हन आस्क अस!"

स्वयंपाकघराच्या दारात युसुफची आई आबिदाबी लसूण सोलत बसल्या होत्या. नातीला बघायला त्या व्हिजिट व्हिसावर आल्या होत्या. एरवी धाकट्या सुनेसोबत शिरखोलात राहत. त्यांनी विचारलं, "काय म्हणते गो पोर?"

"म्हणते, आम्हाला विचारलंसुद्धा नाही," कनीज म्हणाली.

"बराबर बोलते," आबिदाबी म्हणाल्या आणि पुढची पाकळी उचलली.

"खलास, तो विषय मेलवर," युसुफने हात उंचावला. बांधकाम कंपनीच्या स्टोअरचा तो इनचार्ज, मंडळाचा अध्यक्षही तोच. "यल्ला, आता गावाचं घ्या."

गावाचं म्हणजे रुकैयाचं. रुकैया ही युसुफची धाकटी भावजय. नवरा बोटीवर, सासू आणि घर तिच्या अंगावर. सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं तेव्हा मंडळाने याच हॉलमध्ये तिचं नाव ठरवलं होतं. का? तर, "गरीब हाय, शब्दाबाहेर जाणार नाय." वाचकहो, गावाचा कारभार कोणाच्या हाती द्यावा याची ही कसोटी! आणि ती गरीब बाई आता शब्दाबाहेर गेली होती.

भानगड काय होती ते सांगतो; ऐकून तुमचंही डोकं फिरेल. शिरखोलला पाण्याची विहीर एकच. एप्रिल उजाडला की ती तळ दाखवते आणि नळाला एक दिवसाआड, मग दोन दिवसांआड पाणी येतं. डोंगरावरच्या वस्तीला तिथं वरचा कोंड म्हणतात. त्या कोंडापर्यंत तर पाणी चढतच नाही. बायका हंडे घेऊन खाली उतरतात. खाली रस्त्याच्या कडेला मात्र आखातातल्या लोकांचे बंगले उभे आहेत. फरशी चकचकीत, गेट नक्षीदार आणि वर्षातले दहा-अकरा महिने दाराला कुलूप. मालक ईदला किंवा लग्नसराईला यायच्या आधी पंचायतीच्या शिपायाने या बंद घरांच्या टाक्या भरून ठेवायच्या, अशी रीत पडून गेली होती. तेही कित्येक दिवस आधीपासून, कारण ऐन वेळी पाणी पुरलं नाही तर? आणि तिकीट पक्कं झालं की भरलेलं पाणी शिळं म्हणून सोडून द्यायचं आणि टाकी पुन्हा ताज्या पाण्याने भरायची! ऐन मे महिन्यात! कुलपाला तहान लागते म्हणून!

रुकैयाने ते बंद केलं. ग्रामसभा बोलावली, विषय मांडला आणि ठराव झाला: बंद घराची टाकी भरायची नाही. माणूस आला की त्याला इतरांसारखं पाळीने पाणी. खालचा कॉक बंद ठेवून आधी पाणी वरच्या कोंडाला.

"यंदा ईद मेअखेरीस. आपण आठनऊ घरं एकदम जाणार," मुदस्सिर म्हणाला. "बायकापोरं उतरणार नि नळ कोरडा! ही बाई आपल्याच ताटात जेवते नि आपलंच ताट लाथाडते."

"मी ड्राफ्ट पाठवलाय तिला," संजीवने मोबाइल दाखवला. "'वैयक्तिक कारणास्तव मी सरपंचपदाचा राजीनामा देत आहे.' साधं, क्लीन. तिने फक्त सही करायची. मग उपसरपंच आपलाच आहे, तो पुढच्या सभेत ठराव फिरवेल."

"युसुफभाई, फोन तुम्ही लावा," कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं. "जेठाचा शब्द ती मोडणार नाय."

युसुफने मोबाइल उचलला. तेवढ्यात कनीज बोलली. पाहुण्यांसमोर ती सहसा बोलत नसे.

"अहो, एक मिनिट. तुमच्यातल्या कोणी यंदा शिरखोलचं पाणी प्यायलंय?"

सगळे तिच्याकडे बघू लागले.

"घरात एक माणूस आहे जिनं महिन्यापूर्वीपर्यंत ते रोज प्यायलंय. लसूण सोलतेय ती. तिला विचारलंत?"

मुदस्सिर हसला. "चाचींना कशाला त्रास? पंचायतीच्या गोष्टी—"

"पंचायतीला मत मी देते रे, मुदस्सिर," आबिदाबी उठत म्हणाल्या. ओढणी सारखी करत त्या हॉलमध्ये आल्या आणि सरळ लेकाच्या शेजारी बसल्या. "तुमच्यातलं कोण आलं होतं गेल्या मतदानाला? नाय ना? मग ऐका."

युसुफ कसनुसा झाला. "अम्मा, आम्ही काय गावाचं वाईट करतो काय?"

"वाईट? मला सांग, मागच्या ईदेआधी तू शिपायाला काय मेसेज केला होतास?"

युसुफला आठवलं. आठवू नये असं त्याला वाटत होतं, तरी आठवलं. शिळं पाणी सोडून दे, पोरीला इन्फेक्शन होईल, असं त्याने लिहिलं होतं.

"त्यानं सोडलं," आबिदाबी म्हणाल्या. "तुझ्या टाकीचं सगळं पाणी गेटाखालून रस्त्यावर आलं. वरच्या कोंडावरची शेवंती हंडा घेऊन उतरत होती, पोटुशी. ती तिथंच बसली, तुझ्या गेटाशी. गटारात जायच्या आधी वाटीनं पाणी उचलून हंड्यात भरत होती. रुकैया नि मी समोरून बघत होतो. आम्हाला बघून पोर शरमली रे! चूक कोणाची, नि शरमलं कोण?"

आबिदाबी थांबल्या नाहीत. 

"त्या दिवशी रुकैया जेवली नाय. म्हणाली, अम्मा, मी सरपंच आहे की बंद घरांची राखणदार? तुमच्या मंडळानं तिला खुर्ची दिली असं तुम्ही बोलता. खुर्ची दिलीत, पण बसायला दिलीत कुठं?"

"चाची, भावना समजतात," संजीव समजुतीच्या स्वरात म्हणाला, "पण गावासाठी फंड मंडळ देतं. शाळेचे पंखे, दवाखान्याचं—"

"दिलंत. अल्ला बरकत देवो. पंखे दिलेत म्हणून शाळेतली पोरं तुमची झाली काय?" त्या त्याच्याकडे वळल्या. "तू शिकलेला हायस. आत्ता मगाशी तूच बोललास ना, राहणाऱ्याला विचारल्याबिगर ठरवता येत नाय म्हणून? नि हा मुदस्सिर, पर्लात बसून ऊन कसं कळणार म्हणत होता. मग नज्म्यात बसून विहिरीचा तळ कसा दिसतो रे तुम्हाला?"

संजीवने मोबाइल उलटा करून मांडीवर ठेवला.

मुदस्सिर मात्र इतक्यात नमणारा नव्हता. त्याचा चेहरा लाल झाला होता, पण आवाज उतरला होता. "चाची, मग आम्ही शिरखोलचे नायच काय? इथं हाडं झिजवतो ती कशासाठी? वर्षातून चार दिवस स्वतःच्या घरी जायचं, तिथं प्यायला पाणी मागायचंही नाय? परके झालो काय आम्ही?"

हा प्रश्न खोटा नव्हता. परदेशात राबणाऱ्या प्रत्येकाच्या काळजात तो कुठेतरी सलत असतो. आबिदाबींनाही ते कळलं असावं, कारण त्यांचा सूर मऊ झाला.

"परका असतास तर मी बोललेच नसते. पाहुणा दारात आला तर त्याला पहिलं पाणी, हा आपला रिवाज. पण तू पाहुणा नायस, घरचा हायस. नि घरचा माणूस कधी जेवतो? सगळ्यांना वाढून झाल्यावर. तुम्हाला मान पाहुण्याचा हवा नि हुकूम मालकाचा. दोन्ही कसं चालेल, पोरा?"

मुदस्सिरने मान खाली घातली. तरी तो पुटपुटला, "पण मंडळाचं ठरलंय. फोन तर करावाच लागेल."

"कर," आबिदाबी युसुफला म्हणाल्या. "स्पीकरवर लाव. तुझ्या तोंडानं माग तिचा राजीनामा. मी बसलेय इथं."

युसुफने फोन लावला.  पलीकडे रिंग वाजली आणि रुकैयाचा आवाज आला. मागे कोंबड्या ओरडत होत्या.

"सलाम आलेकुम, भाईजान. मला माहीत आहे तुम्ही का फोन केलात. कागद मिळाला, छापून घेतला. मी सही करून ठेवलीय."

मुदस्सिरने चमकून वर बघितलं.

"तुम्ही मोठे. तुम्ही सांगाल तर उद्या तालुक्याला जाऊन देऊन येते. तुमचा शब्द मी मोडणार नाही. फक्त दोन गोष्टी बोलते, माफ करा. त्या कागदात वैयक्तिक कारण लिहिलं होतं, ते खोटं आहे. ते मी खोडलं. बंद घरांच्या टाक्या भरायला नकार दिला म्हणून राजीनामा देते, असं माझ्या हाताने लिहिलंय. आणि दुसरं, राजीनामा माझा आहे, ठराव गावाचा आहे. तो मला मागे घेता येत नाही. ग्रामसभेत हात वर करणाऱ्यांत वरच्या कोंडाच्या बायका होत्या, भाईजान. त्या पहिल्यांदा पंचायतीची पायरी चढल्या होत्या."

युसुफने आईकडे बघितलं नाही, कनीजकडे बघितलं नाही. ज्या बाईला गरीब म्हणून निवडलं, तिने एकही शब्द चढवून न बोलता सगळ्या हॉलला आरसा दाखवला होता. आणि आपण? आपण तिच्या आडून गावावर राज्य करत होतो! 

"रुकैया," तो म्हणाला, "तो कागद फाडून टाक."

"भाईजान?"

"फाड म्हणतो ना! माझी चूक झाली. राजीनामा मागायचा हक्क मला नाही, मंडळालाही नाही. मी तर तुमच्या त्या सभेला हजरसुद्धा नव्हतो." त्याने श्वास घेतला. "आम्ही ईदला येतोय. माझ्या घराला पाळी लावशील ना? वरच्या कोंडाला देऊन झाल्यावर."

 रुकैया रडवेल्या आवाजात म्हणाली, "लावते. पण रोज नाही मिळणार हां. एक दिवसाआड."

"चालेल."

फोन बंद झाला तसा मुदस्सिर उसळला, "चालेल काय? आम्ही ईद करायची कशी?"

"हंडा घेऊन ये," आबिदाबी म्हणाल्या. "शेवंती दाखवील तुला कसा उचलायचा."

कोणीतरी फिसकन हसलं. मुदस्सिर हसला नाही. चहा अर्धा टाकून तो उठला आणि निघून गेला. जाताना सलाम तेवढा केला. सगळेच एका शुक्रवारी सुधारतात असं मी तुम्हाला सांगणार नाही. पण संजीवने मंडळाच्या ग्रुपवर तिथल्या तिथे लिहिलं: 'पंचायतीच्या कारभारात मंडळ यापुढे निर्णय घेणार नाही. ज्याला काही म्हणायचं असेल त्याने गावी असताना ग्रामसभेत येऊन म्हणावं.' खाली पहिला होकार युसुफचा होता.

वाचकहो, शिरखोल एकच नाही. कतारमधून चालवली जाणारी गावं आहेत, तशी ठाण्यातून आणि पुण्यातून चालवली जाणारीही आहेत. खुर्चीत बाई असते आणि फोनवर भलताच कोणीतरी बोलतो. आपल्यालाही कोणी न विचारता काही लादलं की आपण केवढे चवताळतो! मग गावाकडे तोंड वळवलं की तो संताप जातो कुठे? गाव सोडून गेलेल्याने गावावर माया जरूर करावी, देता येईल ते द्यावं, सुट्टीत हक्काने जावं. पण विहिरीबद्दलचा पहिला शब्द त्याचाच, ज्याला उद्या सकाळी त्याच विहिरीचं पाणी प्यायचं आहे.