दोन जावा आणि हिरवी पिन

इतवारा बाजारात एका कापड दुकानाच्या वर अमृता, विपुल आणि धर्मेंद्र या तिघांचं वेबसाइट बनवायचं ऑफिस आहे. गिऱ्हाइकाशी अमृता बोलते, साइट दिसायला कशी असावी ते विपुल बघतो आणि आतलं कोडिंग धर्मेंद्रचं. काम तिघांनाही चांगलं येतं. गिऱ्हाइकाला नेमकं काय बदलून हवंय हे कळेपर्यंत मात्र जीव अर्धा होतो.

त्यातच जवळच्या शाहपुर गावातल्या कुसुमकाकूंचं काम आलं. कुसुमकाकू आणि त्यांची धाकटी जाऊ वैजयंतीकाकू, दोघी मिळून केळीचे वेफर बनवतात. घरामागच्या शेडमध्ये दोन भट्ट्या. एकीवर कुसुमकाकूंचे खारे वेफर, दुसरीवर वैजयंतीकाकूंचे मिरीचे. आता त्यांना बाहेरगावच्या ऑर्डरींसाठी साइट हवी होती.

साइट दाखवली आणि दुरुस्त्या सुरू झाल्या. कुसुमकाकू आपल्या मोबाइलवर साइट उघडायच्या, बदलायच्या जागी बोट ठेवायच्या आणि नवऱ्याच्या, म्हणजे लीलाधरभाऊंच्या मोबाइलने त्याचा फोटो काढून पाठवायच्या. जे दाखवायचं तेच बोटाखाली झाकलेलं. वैजयंतीकाकू बोलून पाठवायच्या. "तो जो तिकडे आहे ना, तो जरा इकडे घ्या," आणि मागे कढईची चरचर.

एक दिवस कुसुमकाकूंचा मेसेज आला, "इथे केळं काढा." विपुलने पानावरचं केळं काढून टाकलं. सकाळी फोन आला.

"अरे बेटा, होतं ते केळं पण कुठे गेलं?"

"काकू, तुम्हीच म्हणालात काढा."

"बाप्पा! रांगोळी काढतात तसं काढा म्हटलं मी! एक होतं, तिथे घडच काढायला पाहिजे होता."

विपुलने फोन ठेवला आणि डोकं टेबलावर टेकवलं. अमृता म्हणाली, "बस झालं. गिऱ्हाइकाला साइटवरच खूण करता येईल, असं एखादं टूल घेऊ या."

अशी टूलं बरीच निघाली. चाळून चाळून तीन उरली आणि भांडण लागलं. धर्मेंद्रला सगळ्यात मोठं टूल पाहिजे होतं. त्यात स्क्रीनचा व्हिडिओ निघायचा, बाण काढता यायचे, कोणाकडे किती काम आहे याचे तक्ते व्हायचे. "एक बार ले लिया तो टेन्शन खतम," तो म्हणाला. विपुलला दुसरं आवडलं होतं, कारण ते सुंदर होतं.

"वापरणार कोण?" अमृताने विचारलं. "काकू ना? मग निवड त्यांनाच करू दे."

तिघं दोन गाड्यांवर शाहपुरला गेले. शेडमध्ये भट्ट्यांपासून लांब, एका पाटावर मोबाइल ठेवून परीक्षा सुरू झाली.

विपुलच्या सुंदर टूलने पहिल्याच पायरीला ईमेल मागितला.

"ईमेल आहे आपल्याकडे," कुसुमकाकू म्हणाल्या, "पण तो अनिकेतकडे असतो. अनिकेत पुण्याला आहे."

मुलाला फोन लावला, त्याने उचलला नाही. सुंदर टूल तिथेच बसलं.

धर्मेंद्रचं टूल लीलाधरभाऊंच्या हातात दिलं. त्यांनी इकडे दाबलं, तिकडे दाबलं आणि आपल्या नाकाचा बराच लांब व्हिडिओ तयार केला. तक्त्यात त्यांच्या नावापुढे ते काम म्हणूनही नोंदलं गेलं.

तिसरं टूल साधं होतं. लिंक उघडायची, जिथे खटकतं तिथे बोट टेकवायचं, नाव टाकायचं आणि लिहायचं. ना ईमेल, ना पासवर्ड. वैजयंतीकाकूंनी हात पुसले, फोटोवर बोट टेकवलं आणि लिहिलं, "मिरी नीट दिसत नाही." तिथे एक लाल पिन उभी राहिली. कोणत्या मोबाइलवरून लिहिलं, त्याची स्क्रीन केवढी, तेही टूलने आपोआप खाली टिपून ठेवलं.

मग लीलाधरभाऊंनी आपल्या जुन्या मोबाइलवरून पिन लावली. "ऑर्डर कुठे द्यायची?"

"मेरे यहाँ तो दिख रहा है," धर्मेंद्र म्हणाला. मग त्याने पिनेखालची स्क्रीनची रुंदी वाचली, भाऊंचा मोबाइल हातात घेऊन बघितला. ऑर्डरचं बटण फोटोच्या मागे दडलं होतं. परत येताना तो स्वतःच म्हणाला, "तिसरावालाच घेऊ."

काही दिवस फार सुखाचे गेले. पिना यायच्या, काम व्हायचं, विपुल 'झालं' दाबायचा, लाल पिन हिरवी व्हायची. आणि मग साइटच्या पहिल्या मोठ्या फोटोवर कुसुमकाकूंची एक पिन आली.

"इथे मिरीचे वेफर का? धंदा खाऱ्यावर उभा राहिला."

त्याखाली वैजयंतीकाकूंचं उत्तर. "खारे सगळीकडेच मिळतात."

"माझ्यासारखे नाही मिळत. आणि हे सांगायला तोंड नाही का? दहा पावलांवर उभी असतेस."

"तोंड तुम्हीच बंद केलं, ताई. दिवाळीत पाहुण्यांसमोर म्हणालात, हिची मिरी घशाला लागते."

"लागली म्हणून म्हटलं. पण मग पाणी मागितलं तर उठली का तू?"

ऑफिसमध्ये तिघं एकाच स्क्रीनवर डोकी घालून हे वाचत होते. अमृताने लीलाधरभाऊंना फोन केला, तेव्हा खरी गोष्ट कळली. दोघी दिवाळीपासून एकमेकींशी बोलत नव्हत्या. एकाच शेडमध्ये उभ्या राहून निरोप भाऊंच्या तोंडून द्यायच्या. "मी म्हणजे दोघींमधला टेलिफोन," भाऊ म्हणाले. "आता तुमच्या पिनेने मला जरा सुट्टी मिळाली."

"काय करायचं?" विपुलने विचारलं.

"हात लावू नका," अमृता म्हणाली. "घरचं आहे ते."

पण विपुलच्या हातून व्हायचं ते झालं. त्या पानाचं काम संपलं म्हणून त्याने 'सगळं झालं' असं एकदमच दाबलं. पानावरच्या सगळ्या पिना हिरव्या झाल्या. फोटोवरचीसुद्धा. टूलमध्ये मराठी नव्हतं म्हणून काकूंसाठी ते हिंदीत ठेवलं होतं, त्यामुळे त्या भांडणाखाली ठळक अक्षरं उमटली, "समस्या हल हो गई."

"तू दिवाळीचं भांडण मिटवलंस?" अमृता किंचाळली.

विपुलने पिन परत लाल करायला हात उचलला, तोच लीलाधरभाऊंचा फोन.

"अरे, काय जादू केली तुम्ही? वैजयंतीने मोबाइल बघितला. तिला वाटलं, ताईने मिटवलं. ताटलीत मिरीचे वेफर घेऊन गेली तिच्या भट्टीपाशी. आणि हिला वाटलं, वैजयंतीने मिटवलं. बसली खात! अख्खी ताटली! वर पाणीपण वैजयंतीनेच आणून दिलं."

भाऊंनी फोन ठेवला. मग धर्मेंद्र हळूच म्हणाला, "रहने दे ना यार. बताना जरूरी है क्या?"

अमृताला रात्रभर ते टोचत राहिलं. दोन बायका एकमेकींचे उपकार मानत होत्या, आणि उपकार केला होता एका बटणाने. दुसऱ्या दिवशी ती विपुलला घेऊन शाहपुरला गेली.

"काकू," विपुल भट्ट्यांच्या मध्ये उभा राहून म्हणाला, "ती पिन मी हिरवी केली. चुकून."

कुसुमकाकूंचा झारा थांबला. त्यांनी जावेकडे बघितलं. "म्हणजे तू नव्हती केली?"

"नाही. मला वाटलं, तुम्ही."

कढईतले वेफर तसेच तळत राहिले. अमृताला वाटलं, आपण येऊन घाण केली.

"मग आता?" कुसुमकाकू म्हणाल्या. "परत लाल करायची?"

"राहू द्या, ताई," वैजयंतीकाकू म्हणाल्या. "तुमचे वेफर करपून राहिले."

कुसुमकाकूंनी घाईने झारा फिरवला आणि पहिल्यांदा हसल्या. मग दोघी इतक्या हसल्या की वेफर खरंच करपले. करपलेले विपुलला खायला लावले.

टूल त्याच आठवड्यात कायमचं घेतलं. मोठ्या फोटोत आता एकाच परातीत दोन्ही वेफर आहेत आणि परातीमागे दोघी जावा. तो फोटो लीलाधरभाऊंनी काढला. साइट सुरू व्हायच्या आदल्या दिवशी त्यावर त्यांची पिन आली.

"यात मी कुठेच नाही."

दोघींनी एकाच मोबाइलवरून उत्तर दिलं, "फोटो काढणारा फोटोत कसा येईल?"

विपुलला वाईट वाटलं. त्याने फोटोखाली बारीक अक्षरांत लिहिलं, 'छायाचित्र: लीलाधर'. भाऊंनी ते शाहपुरच्या अर्ध्या बाजाराला दाखवलं. अक्षरं बारीक होती, म्हणून प्रत्येकाला वाचूनसुद्धा दाखवलं.