लिंबाखालचा हद्दीचा दगड

मी हद्दीचा दगड बोलतोय. अक्कलकोटच्या दक्षिणेला, दोन राज्यांच्या शिवेवर मला रोवलं, तेव्हा मोजणीच्या साहेबांनी एकच काम सांगितलं होतं: जागा सोडायची नाही. माझ्या उत्तरेला महाराष्ट्र, दक्षिणेला म्हैसूर राज्य, म्हणजे आताचं कर्नाटक. शेळ्यांना मात्र हे कुणी कळवलं नव्हतं. त्या दोन्हीकडे चरत.

माझ्याजवळच, महाराष्ट्राच्या बाजूला, नागप्पा आणि चंद्रव्वा या नवराबायकोचं एका खोलीचं घर होतं. घरात कन्नड, बाजारात मराठी. आपल्याकडे उभा दगड दिसला की माणसाचे हात जोडलेच जातात. चंद्रव्वानं मला विभूती लावली, कुंकू लावलं, दर सोमवारी तांब्याभर पाणी घालू लागली.

एका उन्हाळ्यात तिला माझी दया आली. नवऱ्याला म्हणाली, "देव उन्हात भाजायलाय की." नागप्पानं पहारीनं मला उपटलं आणि घराच्या उत्तरेला, लिंबाच्या सावलीत रोवलं. नारळ फुटला, वस्तीनं खोबरं खाल्लं. आपलं घर म्हैसुरात गेलं, हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. महाराष्ट्राच्या बाजूला खडी फोडायचं काम निघालं. चंद्रव्वा रांगेत उभी राहिली. मुकादमानं घर कुठलं ते विचारलं, माझ्याकडे पाहिलं आणि तिला पल्याड काम मागायला सांगितलं. पल्याडच्या कारकुनानं नकाशा पाहून तिला परत अल्याड धाडलं. चूल थंडच राहिली.

नागप्पाच्या डोक्यात उशिरा का होईना, प्रकाश पडला. तो पहार घेऊन आला. मला वाटलं, सुटलो एकदाचा. पण चंद्रव्वा मध्ये उभी राहिली.

"पोटासाटी देवाला परत उन्हात घालायचं व्हय? माज्याच्यानं न्हाय व्हायचं."

नागप्पानं पहार खाली ठेवली.

ती दोघं भांडीकुंडी बांधून सोलापूरला गेली. निघताना तिनं घागरीत उरलेलं पाणी माझ्यावर ओतलं. त्या पाण्याची मला अजून लाज वाटते.

आता त्या घराचं छप्पर खाली आलंय. येणारेजाणारे मला नवस बोलतात. नवस नकोत, बाबांनो. मी देव नाही, सरकारी दगड आहे. सोलापुरात कुणाला चंद्रव्वा भेटली, तर तिला एवढंच सांगा: मला कधी ऊन लागलंच नव्हतं.