फिरते पंखे आणि माझी रिकामी बॅटरी

मी एक जुना, आरशाचा कॅमेरा आहे. मित्रांनो, आपली कहाणी शांतपणे सांगावी असा रिवाज आहे, हे मला ठाऊक आहे. पण मी सध्या भलताच चिडलेलो आहे आणि ते लपवणं काही मला जमणार नाही.

माझ्या पोटात एक इवलासा आरसा आहे. बटण दाबलं की तो झटकन वर उचलला जातो, प्रकाश आत येतो आणि ‘खटाक’ असा आवाज होतो. कारखान्यात हातमोजे घातलेल्या एका बाईने मला कानाशी धरून तो आवाज ऐकला, समाधानाने मान हलवली आणि मला खोक्यात झोपवलं. माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी.

मला विकत घेतलं एका चष्मेवाल्याने. आठवडाभर तो दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर तपासायचा आणि रविवारी मला गळ्यात अडकवून विमानतळाच्या कुंपणापाशी जायचा. तिथे त्याच्यासारखेच विमानवेडे जमत. त्यांच्यातले शिडीवाले काका तर तारांच्या वरून फोटो काढता यावा म्हणून घरून घडीची शिडी आणत. ऊन, धूळ, इंजिनांचा कानठळ्या बसवणारा आवाज, सगळं मी सोसलं. मालकाचा अंगठा जिथे टेकायचा तिथला माझा रंगही उडाला.

मालकाची ताई वैमानिक होती. तिचं विमान लहानसं, दोन्ही बाजूंना एकेक मोठा पंखा गरगरणारं. अशा विमानाचा फोटो काढणं खायचं काम नाही! घाईने टिपला तर पंख्यांची पाती जागच्या जागी गोठतात आणि विमान दोरीला टांगलेल्या खेळण्यासारखं दिसतं. म्हणून मला डोळा जरा जास्त वेळ उघडा ठेवावा लागतो आणि मालकाला विमानाबरोबर कमरेतून सावकाश वळावं लागतं. हे शिकताना आम्ही ढीगभर फोटो वाया घालवले. मग एक साधला. तो दुकानात अक्षरांच्या तक्त्याशेजारी लागला. ताई तो बघून म्हणाली, “आत्ता कसं! उडतंय असं वाटतंय.” मी आठवडाभर हवेत होतो.

मग एक दिवस घरात पांढरं खोकं आलं. आतून निघाला नवा कॅमेरा. त्याला आरसाच नाही! अंगाने हलका, विमानाचं नाक स्वतःच शोधणारा आणि पाहिजे तेव्हा तोंडातून चकार शब्द न काढणारा. मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू? पण खरा राग आला तो पुढे. मालकाने एक कडं जोडून माझी लांब लेन्स त्याच्या तोंडाला बसवली. माझ्या तोंडावर झाकण लावलं आणि मला चष्म्यांच्या जुन्या फ्रेमांशेजारी फळीवर ठेवून दिलं. जाता-येता माझ्यावर नजर पडायची, हात मात्र कधी पडला नाही.

असेच महिने गेले. एका संध्याकाळी ताई कामावरून थेट भावाकडे आली. दुसऱ्या दिवशी तिचं शेवटचं उड्डाण होतं. ती निवृत्त होणार होती आणि ते विमानही मोडीत निघणार होतं.

“मला भाषणं नकोत, भेटवस्तू नको,” ती म्हणाली. “उतरतानाचा एक फोटो काढ फक्त. पंखे फिरताना दिसले पाहिजेत हं. थांबलेले पंखे बघवत नाहीत मला.”

“ताई, तू काळजीच करू नकोस,” मालक म्हणाला.

बोलता बोलता ताईला गणवेशातच, खुर्चीवर डोळा लागला. मालकाने नव्या कॅमेऱ्याचा आवाज पूर्ण बंद केला आणि तिचा फोटो टिपला. मी असतो तर ‘खटाक’ झालं असतं आणि ती दचकून उठली असती. हे मान्य करताना आजही माझा जळफळाट होतो.

सकाळी मालकाने नव्याची बॅटरी भरली. “असू दे जोडीला,” म्हणत मलाही पिशवीत कोंबलं. माझ्या पोटात काही आहे की नाही, हे मात्र कुणी पाहिलं नाही.

ताईचं विमान आलं. मालक कमरेतून वळला, अगदी आम्ही शिकलो होतो तसा. मग त्याने पडद्यावर पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. सगळ्या फोटोंत पाती विळ्यासारखी वाकलेली. एक पातं तर मुळापासून सुटून हवेत तरंगत होतं.

“हा खराब निघाला! ऐन वेळी दगा दिला!” तो ओरडला.

विमान अजून धावपट्टीवरून थांबायच्या जागेकडे चाललं होतं, पंखे गरगरत होते. मालकाने मला बाहेर ओढलं, नव्यावरची लेन्स काढून मला चढवली, बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही! मित्रांनो, माझा आरसा ठीक होता, डोळा ठीक होता, विमान समोर होतं आणि मी मात्र ठार गप्प. इतका संताप मला कधीच आला नव्हता.

तेवढ्यात काका शिडीवरून ओरडले, “अरे, आवाज बंद ठेवलायस का? तसा ठेवला की तो फोटो एकेक ओळ करत टिपतो. तोवर पंखा पुढे सरकतो, म्हणून वाकडा येतो. ते बदल आधी!”

म्हणजे बिचाऱ्या नव्याचाही दोष नव्हता. मालकाने लेन्स परत त्याला लावली आणि आवाजाचं बटण शोधून चालू केलं. कॅमेरा डोळ्याला लावला, तेव्हा पंखे थांबले होते.

संध्याकाळी ताईने विचारलं, “पंखे फिरताना आले का रे?”

दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघणाऱ्या माझ्या मालकाला तिच्या डोळ्यांत बघता येईना. “नाही गं ताई.”

“बरं,” ती म्हणाली आणि डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

मित्रांनो, नवं जरूर आणा. पण त्याची ओळख आधी करून घ्या, कामाच्या दिवशी नव्हे. जुन्याला सोबत नेणार असाल, तर त्याला उपाशी नेऊ नका. नेणारच नसाल, तर ज्याला गरज आहे त्याला देऊन टाका.

आता मालक दर शनिवारी न चुकता माझी बॅटरी भरतो. रविवारी कुंपणापाशी मी पोटभर जेवून तयार असतो. ताईचं विमान मात्र आता येत नाही.