टाकीत हवा जाईना

सोमवारी मृणालीनं ती गाडी स्वतःच्या हातानं तयार केली होती. धुळ्यात देवपूरच्या एका आरोग्य संस्थेत गाड्यांच्या दुरुस्तीचं काम तिच्याकडे होतं. साक्रीच्या पश्चिमेला डोंगरातल्या पाड्यांवर जीप चढत नाही, म्हणून संस्थेनं रुंद टायरांची एटीव्ही घेतली होती. बुलेटसारखं हँडल, चार चाकं आणि मागे स्ट्रेचर मावेल एवढी ट्रॉली. टाकीच्या झाकणातून निघणारी हवेची नळी मोकळी लोंबायची, तिच्यात धूळ जायची. मृणालीनं ती वळवून टाकीखाली घेतली आणि प्लास्टिकच्या पट्टीनं आवळून टाकली. धुळ्याच्या सपाट रस्त्यावर दोन-तीन फेऱ्या मारल्या. गाडी छान चालली.

गुरुवारी ती चढावर गाडी कशी ओढते ते बघायला डोंगराच्या पायथ्याशी आली. गाडी नवलभाऊ चालवायचे, तिथलेच, चाळिशीचे. अकराच्या सुमारास त्यांचा फोन वाजला. वरच्या पाड्यावर पुना नावाच्या माणसाला बांधाचे दगड रचताना घोणस चावली होती.

"ॲम्ब्युलन्सला पायथ्याशी थांबायला सांगा," मृणाली म्हणाली. "आपण त्यांना खाली आणू."

मे महिन्याचं ऊन होतं. अर्धा घाट चढेपर्यंत पेट्रोलचा वास यायला लागला.

"ताई, वास यी ऱ्हायना," नवलभाऊ मान न वळवता म्हणाले.

"ऊन आहे भाऊ. तापलीय टाकी."

हे बोलताना तिला नळी आठवली होती. पण थांबून बघायचं तर गाडीचं अर्धं कव्हर काढावं लागलं असतं. ती गप्प बसली.

पाड्यावर पुना ओट्यावर पडलेला होता. पाऊल सुजून चकचकीत झालं होतं, हिरड्यांतून रक्त येत होतं. त्याची बायको कमलबाई पाय धरून बसली होती. मृणालीनं पायाला फळी बांधायला घेतली. तेवढ्यात नवलभाऊंनी पेट्रोल किती उरलंय ते बघायला टाकीचं झाकण फिरवलं.

फस्सकन आवाज झाला. पेट्रोलचा फवारा त्यांच्या छातीवर आणि तापलेल्या इंजिनावर उडाला. इंजिनावरून वाफ उठली. पुनाचा भाऊ झुलाल मदतीला पुढे येत होता. त्याच्या ओठात पेटलेली बिडी होती.

"तिथंच थांबा," मृणाली म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच ओळखू आला नाही. "मागं जा. घरामागं जाऊन बिडी विझवा."

झुलालनं गाडीकडे पाहिलं, मग नवलभाऊंच्या ओल्या शर्टाकडे. पाठ न फिरवता तो एकेक पाऊल मागे सरकत गेला. नवलभाऊंनी शर्ट काढून लांब फेकला. इंजिन निवेपर्यंत पंधरा मिनिटं गेली. त्या पंधरा मिनिटांत सूज पुनाच्या घोट्यावरून पोटरीपर्यंत चढली. कमलबाई फक्त एकदा म्हणाली, "कितला येळ, ताई?"

"निघालोच अक्का."

पुनाला ट्रॉलीत निजवलं. पाय हलू नये म्हणून कमलबाई त्याच्याजवळ बसली. नवलभाऊंनी झाकण घट्ट लावलं आणि ते निघाले. वाटेत मधेच एक कोरडा नाला लागतो, तो उतरून पलीकडे पुन्हा चढावं लागतं. गाडी नाल्यात उतरली, दोनदा धक्के खाल्ले आणि बंद पडली.

नवलभाऊंनी स्टार्टर मारला. काही नाही. झाकण सैल केलं, तर टाकीनं दम लागल्यासारखी हवा आत ओढली आणि इंजिन सुरू झालं. झाकण परत लावलं, गाडी वीस-पंचवीस हात गेली, पुन्हा बंद.

आता बघण्यासारखं काही उरलं नव्हतं; आवळलेली नळी चेपून बंद झाली होती. वर जाताना आतली वाफ बाहेर पडत नव्हती, खाली येताना बाहेरची हवा आत जात नव्हती. हवा शिरल्याशिवाय टाकी पेट्रोल सोडत नाही.

"भाऊ, ही चूक माझी आहे," ती म्हणाली. "नळी मी आवळली."

नवलभाऊंनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. "ते नंतर. आते काय करानं? झाकण ढिलंच ठेवूत?"

"नको. एवढ्या उतारावर पेट्रोल सांडेल, इंजिन खालीच आहे. मागे माणसं आहेत."

तिनं कव्हरचे चार स्क्रू काढले. एक स्क्रू वाळूत पडला, तो तिनं शोधला नाही. पट्टी कटरनं तोडली. पण नळी उन्हानं मऊ होऊन दुमडलेल्या जागी चिकटली होती. तिनं टोक तोंडात धरून फुंकलं. हवा जाईना. मग घडीच्या वर नळी कापली, झाकणाकडचा वीतभर तुकडा उरला. पुन्हा फुंकलं. हवा गेली. जिभेवर पेट्रोलची चव आली.

"चला. मी हे वर धरून बसते."

नवलभाऊंच्या मागे बसून, त्यांच्या काखेखालून हात घालून तिनं नळीचं टोक उभं धरलं. प्रत्येक धक्क्याला पेट्रोल उसळून तिच्या बोटांवर यायचं आणि भाजल्यासारखी आग व्हायची. हात खाली गेला तर ते इंजिनावर जाणार, म्हणून तिनं दुसऱ्या हातानं मनगट धरून ठेवलं. मागे पुना आधी कण्हत होता, नंतर कण्हणंही थांबलं.

"अक्का, श्वास चालू आहे ना?"

"चालू शे," कमलबाई म्हणाली. पुढच्या वळणावर मृणालीनं पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर आलं. पायथ्याशी ॲम्ब्युलन्स दिसेपर्यंत त्या दोघी एवढंच बोलल्या.

पुना वाचला. साक्रीहून त्याला धुळ्याला हलवलं, बारा दिवस तो दवाखान्यात होता. पायाची दोन बोटं मात्र काढावी लागली. मृणालीनं डॉक्टरांना विचारलं, अर्धा तास आधी आणलं असतं तर? डॉक्टर म्हणाले, "सांगता येत नाही. कदाचित तरीही गेली असती." त्या 'कदाचित'नं तिला फार दिवस झोपू दिलं नाही.

तिनं संस्थेला सगळं लिहून दिलं: नळी कुणी आवळली, वास आल्यावर कोण गप्प बसलं. यापुढे प्रत्येक दुरुस्तीनंतर गाडी घाट चढून-उतरून तपासायची, असं ठरलं.

कमलबाईला सांगणं त्याहून अवघड होतं. वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून तिनं सरळ सांगितलं.

"तू वर सांगती ना, तर आम्ही त्याले झोळीमा उतारी लयतूत," कमलबाई म्हणाली. "बोलानं व्हतं, ताई."

"हो अक्का."

कमलबाईनं तिचा सोललेला हात ओढून मांडीवर घेतला, बघितला, आणि औषध लावलंस का म्हणून विचारलं.