मापवालीचे दूध

कारखान्याचे म्हणणे असे, की कोणत्याही बाळंतिणीला वजन उतरवण्यास येथे कधीही सांगितले गेलेले नाही. संबंधित महिलेने ते स्वतःच्या हौसेने, सडपातळ दिसण्यासाठी उतरवले, आणि त्यापायी तिच्या तान्ह्या मुलीची प्रकृती ढासळली याचे व्यवस्थापनाला मनापासून वाईट वाटते. चौकशीला आलेल्या कामगार खात्याच्या अधिकारी बाईंसमोर मोठ्या साहेबांनी हे उभे राहून सांगितले, आणि सांगताना त्यांचा गळा योग्य त्या ठिकाणी दाटून आला.

या विधानाचा पहिला भाग अक्षरशः खरा आहे. खोटेपणाला इतके बेतीव कपडे क्वचितच लाभतात. 'वजन' हा शब्द त्या इमारतीत कुणी उच्चारला नव्हता, कारण तिथे वजनकाटाच नव्हता. तिथे टेप होता. उरली ती हौस. ती कुणाची, हे कळण्यासाठी मात्र थोडे मागे जावे लागते.

ती त्या कपड्यांच्या कारखान्यातली मापवाली होती. बायकांचा कुठलाही नवा पोशाख बेतला, की त्याचा पहिला नग तिच्या अंगावर चढे. मास्तर टाचण्या लावीत, खडूने खुणा करीत, आणि तिच्या अंगावर जे चपखल बसेल त्यावरून कागदाचा फर्मा कापला जाई. पुढे त्या एका फर्म्यावरून लहानमोठी सगळी मापे निघत. मशीनवर बसणाऱ्या बायका तिला चिडवीत, की आमच्या हातांना काम आणि हिच्या अंगाला काम, नुसतं उभं राहायचा पगार घेते बया. तीही हसत असे. लाकडी चौथऱ्यावर हात जरासे फाकवून निमूट उभे राहण्यात तिची कितीतरी वर्षे गेली होती, आणि त्या कामाचा तिला अभिमान होता.

बाळंतपणाची रजा संपवून ती परतली तेव्हा मास्तरांना खरोखर आनंद झाला. ते तिला पोरगीच मानीत. मुलगी कुणावर गेली, झोपू देते का, अशी सगळी चौकशी त्यांनी केली. मशीनवाल्या बायकांनी उरल्यासुरल्या मऊ कापडाची झबली शिवून ठेवली होती. पोर वाढेल तशी उसवून मोठी करता यावीत म्हणून शिवणीत भरपूर माया सोडली होती. कौतुक आटोपल्यावर मास्तरांनी गळ्यातला टेप काढला.

“कंबर येईल,” ते म्हणाले. “छाती दोन बोटं पुढे आहे, पोरी.”

“अंगावर पाजते, मास्तर.”

“पाज की. तुला कोण नको म्हणतंय? फक्त फर्मा हलत नाही, एवढं ध्यानात ठेव.”

शिंप्याची जात जगाच्या आरंभापासून माणसाला पाहून कापड कापत आली आहे. या कारखान्याने तो क्रम उलटवला होता, आणि त्या उलट क्रमाला तिथे अचूकपणा म्हणत. फर्मा तिच्याच अंगावरून निघाला होता. आता तो कागद मूळ होता आणि ती त्याची बिघडलेली प्रत. बिघाड तरी कसला? ती दोन बोटे दुधाची होती. दूध सोडून त्या ठिकाणी जास्तीचे काहीही नव्हते. पण टेपावर दुधाचे वेगळे आकडे नसतात.

दुसऱ्या आठवड्यात तपासणीच्या टेबलावरच्या एका नव्या मुलीला चौथऱ्याजवळ बोलावण्यात आले. साहेबांचे म्हणणे होते, की नुसते बघायला काय जाते. मुलगी लाजत उभी राहिली, आणि पोशाख तिच्या अंगावर जवळजवळ बसला. मापवालीला कुणी एक शब्दही बोलले नाही. बोलण्याची गरजच उरली नव्हती.

तिने जेवण तोडले. सकाळी कोरा चहा, दुपारी काकडी, रात्री सगळ्यांबरोबर बसून ताटात बोटे फिरवायची. कंबर शहाण्या मुलीसारखी उतरली, छाती ऐकेना. तेव्हा मशीनवाल्यांपैकी एकीने मायेपोटीच सांगितले, की पाणी कमी पी आणि सकाळी निघताना फडके आवळून बांध. आपल्या धाकट्याला तिने असेच अंगावरून तोडले होते. मापवालीला पोर तोडायची नव्हती, तिला फक्त माप तोडायचे होते. या दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत, अशी तिने मनाची समजूत घातली. ती फडके बांधू लागली. मधल्या सुट्टीत कोपऱ्यातल्या कोठीत जाऊन दूध पिळून काढावे, असे तिने ठरवले होते खरे; पण नमुने तातडीचे असत, आणि टाचण्या टोचलेल्या अंगाने चौथऱ्यावरून उतरता येत नाही. जे कुणी मागत नाही ते करू नये, इतपत समज शरीराला असते. दूध आटू लागले.

पोर दिवसभर सासूजवळ असे. सासू त्याच कारखान्यात काजे-बटणे करून निवृत्त झालेली, मास्तरांच्या हाताखालची. ते घर शिवणकामाचे होते, आणि त्या घराने जी चूक केली ती शिवणकामाच्या घरालाच करता येण्यासारखी होती. पहिले झबले पोरीला होतच राहिले. दोन महिन्यांच्या मापाचे शिवलेले, ते चौथ्या महिन्यातही होत होते. शिवणीतली माया उसवावीच लागली नाही. याला म्हणतात हात, असे सासू शेजारणींना सांगे. बाजारातलं आणलं असतं तर कधीच तोकडं झालं असतं. ही वार्ता मापवालीने कारखान्यात नेली तेव्हा मशीनवाल्या सुखावल्या. एकदा तिला स्वतःला पोरीच्या काखेशी कापड ढिले लागले. ज्या बाईला डोळे मिटून आपल्या अंगावरची दोऱ्याएवढी ढिलाई कळत असे, ती क्षणभर थबकली, आणि धुऊन धुऊन कापड ताणलं असेल म्हणून पुढच्या कामाला लागली. पोर पूर्वी आकांत करायची, ती आता रडतही नव्हती. गुणाची झाली, असे सासू म्हणाली.

आणि मग एका दुपारी टेप बसला. मास्तरांनी तो दोनदा ओढून पाहिला आणि चष्मा कपाळावर सरकवला. मशीनवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. मोठे साहेब मुद्दाम खाली येऊन, काम करावं तर असं, म्हणून गेले. नवी मुलगी आपल्या टेबलावर परतली. संध्याकाळी मापवालीने पोरीला छातीशी धरले. पोरीने दोन-चारदा ओढले, सोडून दिले आणि तोंड बाजूला केले, जसे जेवण संपलेल्या घरातून पाहुणा उठावा तसे.

दुसऱ्या दिवशी सासू-सुना पोरीला लस टोचायला घेऊन गेल्या. डॉक्टरीणबाईंनी झबले वर केले. बरगड्यांवरची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. तुमच्या लक्षात कसं आलं नाही, असे त्यांनी विचारले. सासू सवयीने, थोड्या अभिमानानेच बोलू लागली, “अहो, अजून पहिलंच झबलं होतंय हिला, आमच्या हातची शिवण...” आणि वाक्य अर्ध्यावर टाकून ती खाली बसली.

पोर वाचली. नाकातल्या नळीतून पावडरचे दूध घेत ती वॉर्डात अंगाने भरू लागली. आई दूध काढायचा पंप लावून बसे. बाटलीच्या तळाला थेंब जमत, कधी तेही नाही. दूध परत येईल का, याला डॉक्टरीणबाईंनी खोटे उत्तर दिले नाही. नवरा मात्र बोलला. “बारीक व्हायचं होतं ना? झालीस.” घरी सोडल्यावर पोर त्याच्या बहिणीकडे राहील, असे त्याने ठरवूनच टाकले, हौसेपायी लेकराला उपाशी मारणारीच्या हातात तो ते परत देणार नव्हता. साहेब पुढे चौकशीत वापरणार होते तो शब्द त्याच्या तोंडी किती लवकर पोहोचला, हे पाहण्यासारखे होते.  आणि खरेच, जेवण मापवालीनेच टाकले होते, फडके तिनेच आवळले होते.

फडक्याची आणि टेपाची हकीकत कळल्यावर तक्रार डॉक्टरीणबाईंनी केली. म्हणून तो चौकशीचा दिवस उगवला: नमुन्यांच्या खोलीत अधिकारी बाई, साहेब, मास्तर, मशीनवाल्या, भिंतीला टेकलेला नवरा आणि सासू. साहेबांचे बोलून झाल्यावर अधिकारी बाईंनी मापवालीला तिची काय मागणी आहे ते विचारले. ती म्हणाली, “मास्तरांना काय ठाऊक होतं ते त्यांनी माझ्या नवऱ्यासमोर आणि सासूबाईंसमोर सांगावं. बाकी मला काही नको.”

मास्तरांनी साहेबांकडे पाहिले, मग सासूकडे. साहेबांनी घड्याळात पाहण्याचे निमित्त केले. अधिकारी बाईंनी मास्तरांना विचारले, तुम्हाला काय ठाऊक होते. मास्तर बोलले ते इतकेच:

“साहेबांचं बरोबर आहे, बाई. वजन कमी कर असं मी हिला एकदाही म्हणालो नाही. छाती कधी उतरेल, एवढंच विचारायचो. टेप ओढला की बोटांना ओल लागायची. घाम नव्हता तो. मला चार मुलं आहेत, मला कळतं. मी टेप पुसायचो, आणि पुन्हा ओढायचो.”