नानांच्या डाव्या अंगाला

"नाडी लई आवळू नको, पाय सुजतोय," नाना म्हणाले.

गहिनीनाथ उकिडवा बसून त्यांच्या बुटाची गाठ मारत होता. पुण्याबाहेरच्या टेकडीच्या पायथ्याशी सकाळी सहालाच चार-पाचशे माणसं छातीवर नंबर लावून हातपाय ताणत होती, एकमेकांचे फोटो काढत होती. त्या सगळ्या गर्दीत बूट दुसऱ्याकडून बांधून घेणारा माणूस एकच होता. दहा किलोमीटरची शर्यत होती, थोडी डांबरावरून आणि बाकी टेकडीच्या पायवाटेनं.

नाना म्हणजे सुंदरराव, केज तालुक्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याचे चेअरमन. वय त्रेसष्ट. गहिनीनाथ त्याच कारखान्याच्या ऊसकाट्यावर हंगामी कारकून, वय छत्तीस. सात वर्षांमागं नानांच्या छातीत कळ आली आणि डॉक्टरनं त्यांना आधी चालायला, मग हळूहळू पळायला लावलं. एकट्यानं पळायची नानांना धास्ती वाटायची. कुणीतरी सांगितलं, काट्यावरचा गहिनीनाथ जिल्ह्यात पहिला आलेला गडी आहे. त्यात खोटं काही नव्हतं. तेविसाव्या वर्षी बीडच्या मैदानावर त्यानं दहा किलोमीटर पस्तीस मिनिटांत मारले होते.

पहिल्या सकाळी कालव्याच्या रस्त्यावर तो आनंदाच्या भरात वीस-पंचवीस पावलं पुढं गेला. मागं वळून पाहिलं तर नाना कमरेवर हात ठेवून उभे. त्याच दुपारी कारखान्याच्या सेक्रेटरींनी त्याला बोलावून घेतलं आणि चहा पाजून समजावलं, की तुला पळायला नाही, सोबतीला ठेवलंय. चेअरमनच्या पुढं पाऊल टाकायचं नाही, डाव्या अंगाला अर्धं पाऊल मागं राहायचं. शहाण्याला शब्दाचा मार. त्या दिवसापासून गहिनीनाथ अर्धं पाऊल मागं राहिला.

पुढं नानांना शर्यतींचा नादच लागला. दर हिवाळ्यात पुणे, पिंपरी, ठाणे. प्रत्येक ठिकाणी गहिनीनाथच्याही नावाचं प्रमाणपत्र मिळे, त्यावर वेळ असे एक तास बारा मिनिटं, नाहीतर एक तास चौदा. बायको शिवकन्या ती प्रमाणपत्रं पत्र्याच्या पेटीत साड्यांच्या खाली ठेवी. एकदा तिनं सरळच विचारलं, "ही समदी येळ नानाची हाय. तुमची कुठली?"

तो प्रश्न मग त्याच्या अंगात काट्यासारखा रुतून बसला. आपल्या नावाची एक खरी वेळ, एकदाच, कागदावर. पण काट्यावर त्याला कायम केलेलं नव्हतं आणि कायम करणं नानांच्या सहीवर होतं. त्यातून दोन वर्षं दुष्काळ पडला. ऊसच नाही तर गाळप कशाचं? हंगामी माणसं सगळी घरी गेली, हजेरीच्या मस्टरवर एकटा गहिनीनाथ राहिला. लोक त्याला तोंडावर 'नानाची सावली' म्हणायचे. इकडे आड, तिकडे विहीर असं म्हणतात. त्या दोन वर्षांत आमच्याकडं दोन्ही कोरडेच होते. एकट्यानं सराव करायचा तर पहाट नानांची, दिवस कचेरीचा आणि संध्याकाळ टँकरच्या रांगेत घागरी घेऊन. तो शिवकन्येला म्हणायचा, ऑर्डर होऊ दे, मग बघ. चाळीस मिनिटांच्या आत येतो.

गाठ बसली. नानांनी पाय आपटून बघितला आणि म्हणाले, "परवाच्या मीटिंगमदी तुझ्या ऑर्डरवर सही केली. कायम झालास."

गहिनीनाथ त्यांच्या पाया पडायला वाकला तर नानांनी दंड धरला.

"आज तू तुझ्या चालीनं पळ. ख्वाजा ड्रायव्हर गाडी घेऊन शेवटाला थांबलाय."

"आन् तुमी एकटे?"

"मी काय लेकरू हाय का? पुढं जा."

"सात वर्सं मागंच हाय, नाना. सेक्रेटरी म्हनले होते..."

नानांनी त्याच्याकडं नवल वाटल्यासारखं पाहिलं. "मी कवा म्हनलो, मागं ऱ्हा म्हणून? मला वाटायचं तुझी चालच तेवढी राहिली आता."

तेवढ्यात भोंगा वाजला आणि गर्दी हलली.

गहिनीनाथ सुटला. सुटला हाच शब्द खरा. शंभर माणसं त्यानं पहिल्या वळणाआधीच मागं टाकली. पहिल्या किलोमीटरच्या पाटीशी घड्याळात चार मिनिटंही झाली नव्हती. वारा कानात शिरत होता, समोर नानांची पाठ नव्हती, कुणाच्या श्वासाकडं कान द्यायचा नव्हता. मोठ्यानं हसावंसं त्याला वाटलं आणि तो हसलासुद्धा. शिवकन्येला आता आकडा सांगायचा, एवढंच डोक्यात होतं.

दुसरा किलोमीटरही तसाच गेला. तिसऱ्याला डांबर संपून चढ लागला आणि बरगडीखाली कळ उठली. त्यानं दात आवळले. जरा पुढं गेल्यावर मांड्या भरून आल्या, घशाशी आंबट आलं. बीडच्या मैदानावर असं झालं की तो जोर वाढवायचा. आता त्यानं जोर मागितला आणि आतून काही आलंच नाही. सात वर्षं रोज सकाळी तो पळाला होता, पण किती हळू पळाला होता हे आत्ता त्याचे पाय त्याला सांगत होते. वाटेच्या कडेला जाऊन तो ओकला, मग चालू लागला, मग एका दगडावर टेकला. मागं टाकलेली माणसं एकेक करून पुढं गेली. पिकल्या केसांच्या एका बाईनं थांबून पाणी हवं का विचारलं. त्यानं मान हलवली.

त्याला रडू आलं ते दमल्यामुळं नव्हे. इतकी वर्षं त्याच्याजवळ दोष द्यायला एक माणूस होता. आज तोही राहिला नव्हता.

पुन्हा उठून तो कसाबसा चालत राहिला. पाचव्या किलोमीटरच्या अलीकडं मागून श्वास ऐकू आला. दोन छोटे, एक लांब. वळून बघायची गरज नव्हती. नाना आले, घामानं निथळत, तोंड लाल झालेलं. हसले नाहीत, काय झालं म्हणूनही विचारलं नाही.

"बरं झालं सापडलास," ते धापा टाकत म्हणाले. "एकट्याला मला चालच गावंना."

आणि गहिनीनाथचे पाय आपोआप त्या चालीत पडले. शंभरेक पावलांत बरगडीतली कळ गेली, श्वास सुरळीत झाला. सगळ्यात जास्त त्याला तेच लागलं. पुढचे पाच किलोमीटर दोघं त्याच चालीनं गेले. शेवटच्या पट्टीपाशी नानांनी हातानं त्याला पुढं हो म्हणून खुणावलं, पण तोवर ओलांडून झालेली होती. नाना आधी, तो मागून.

प्रमाणपत्रावर एक तास एकोणीस मिनिटं आली. आजवरची सगळ्यात वाईट वेळ.

गाडी नगर रस्त्याला लागली तेव्हा फोन वाजला. ख्वाजा गाडी चालवत होता, नाना त्याच्या शेजारी, गहिनीनाथ मागं. शिवकन्येचा आवाज त्या बंद गाडीत सगळ्यांना ऐकू जात होता. ऑर्डरची बातमी कारखान्यातून तिच्यापर्यंत पोचली होती. ती आनंदात होती आणि तिनं पहिल्यांदा तेच विचारलं, वेळ किती आली?

त्यानं आकडा सांगितला.

"आज बी नानासंगंच पळावं लागलं का?" तिनं हळू विचारलं.

ख्वाजानं आरशातून मागं बघितलं. नाना हलले नाहीत.

"हाव," गहिनीनाथ म्हणाला. "नानानी सोडलंच न्हाई."

नानांनी खिडकीची काच थोडी खाली केली आणि ते बाहेर बघत राहिले.